धोंडी वल्द केरबा

२०२३च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधली जुनी दप्तरे फडताळांतून बाहेर निघाली. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. कागद निजामाच्या काळातले, काही उर्दूत, काही मोडीत. ते वाचणारी माणसे थोडी, त्यामुळे मोडी येणाऱ्या म्हाताऱ्यांना एकाएकी मान आला. आरक्षणाच्या आंदोलनाचे नेते मनोज जरांगे मूळचे बीड जिल्ह्यातल्या मातोरीचे. त्या जिल्ह्यात तर घरोघर एकच चौकशी सुरू झाली : आपल्या खापरपणजोबांचं नाव काय होतं? आजोबांचे नाव सगळ्यांना ठाऊक, पणजोबांचे बहुतेकांना, त्यामागे मात्र अंधार. कुणी भाटांना गाठले, कुणी पैठणच्या आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्या चाळल्या.

त्या दप्तरांत आडनाव फारसे भेटत नाही. मूळ नाव, मग ‘वल्द’, म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि बापाचे नाव. धोंडी वल्द केरबा. दगडू वल्द पिराजी. कचरू वल्द भिका. आरक्षणाच्या निकालासाठी या ओळी वाचल्या गेल्या, ते आपल्या जागी आहे. पण दगड, धोंडा, केर, कचरा, भीक ही नावे आईबापांनी आपल्या पोटच्या पोराला हौसेने ठेवली होती, याकडे फारसे कुणी थांबून पाहिले नाही. मला वाटते, मराठवाड्याचा लिहिला न गेलेला इतिहास याच नावांत आहे. कोणत्या वर्षी काय पिकले हे महसुलाच्या रकान्यांतून कळते. आई रात्री कशाला भीत होती, हे मात्र पोराच्या नावावरूनच कळते.

तरी सगळी नावे भीतीतून आली नाहीत. पुष्कळशी सरळ देवाकडून आली आणि देव जवळचा होता. परळीला वैद्यनाथाचे ज्योतिर्लिंग, म्हणून परळी-अंबाजोगाईच्या पट्ट्यात घरटी एक वैजनाथ किंवा वैजिनाथ. अंबाजोगाईची योगेश्वरी मुलींच्या वाट्याला आली. बीडजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, त्यामुळे लिंगायत घरांतून मन्मथ हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले, मागे आदराचे ‘अप्पा’ लावून. वारकऱ्यांच्या घरी पंढरी, विठ्ठल, ज्ञानोबा, तुकाराम, रुक्मिण.

पिराची नावे हिंदू घरांत होती, यात कुणाला वावगे वाटत नसे. याची सर्वांत थोर साक्ष भोसल्यांच्या घरात आहे. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलगे झाल्यावर एकाचे नाव शहाजी, दुसऱ्याचे शरीफजी ठेवले, अशी परंपरा सांगते. बीडचा मुलूख तेव्हा त्याच नगरच्या निजामशाहीत होता. पिराजी, फकिरा ही नावे नंतरची तीनशे वर्षे या भागात का टिकली, हे त्यावरून उमजते. उलट बाजूही तितकीच खरी. शेख दगडू हे नाव बीडच्या मुसलमान मोहल्ल्यांत कुणाला विचित्र वाटत नाही. पोर जगावे या मागण्याला धर्म नव्हता.

दुसरी नावे पंचांगातून आली. पंचांग म्हणजे जोशीबुवा, नक्षत्र आणि चरण. अश्विनीला चू, चे, चो, ला. भरणीला ली, लू, ले, लो. जोशी अक्षर काढून द्यायचा आणि आत्या त्यावरून नाव काढायची. पण जोशी सगळ्यांच्या उंबऱ्यावर जात नव्हता. ज्यांच्याकडे तो गेला नाही त्यांनी वार आणि सण धरले. सोमवारचा सोमा, मंगळवारची मंगळाबाई, बुधवारचा बुधा, शुक्रवारचा शुक्राचार्य. अष्टमीला झालेला गोकुळ, नागपंचमीचा नागनाथ. अधिक महिन्यात जन्मला तो अधिकराव आणि त्याच महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात म्हणून धोंडिराम. मुसलमान घरांत शुक्रवारचा जुम्मा आणि रोज्यांच्या महिन्यातला रमजान. ज्यांच्याकडे जन्मतारीख लिहून ठेवायला कागद नव्हता, त्यांनी ती पोराच्या नावातच नोंदवून ठेवली.

आता त्या धोंडी आणि केरबाकडे येऊ.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेच्या आसपास बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्याची स्थिती याहून बरी असण्याचे काही कारण नव्हते. १८९९-१९००च्या दुष्काळाने हा भाग होरपळला, प्लेग येऊन गेला, १९१८ला इन्फ्लुएन्झाची साथ आली, आणि देवी तर दारातच बसलेली असे. एका आईची दोन-तीन बाळे लागोपाठ जाणे हे नेहमीचेच होते. पाचव्या दिवशी सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, या समजुतीत पाचवी पुजली जाई. त्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही, बाळंतिणीने झोपायचे नाही. बाराव्या दिवशी बारसे, पाळणा, घुगऱ्या. ज्या घरात आधीची बाळे गेलेली असत, तिथे बारशाच्या आधी आणखी एक विधी होई.

बाळाला सुईण उचलायची आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवायची. फाटक्या चिंधीत गुंडाळलेले, उघड्यावर, शेण आणि राखेच्या ढिगावर. आई दारात उभी राहून बघायची, पुढे व्हायची नाही. मग शेजारीण किंवा तीच सुईण ‘कुणाचं तरी पोर पडलंय’ म्हणत ते उचलायची आणि आईकडे यायची. आई मूठभर जोंधळे किंवा एखादा पैसा देऊन आपलेच बाळ तिच्याकडून विकत घ्यायची. आता ते तिचे राहिले नाही. उकिरड्यावर सापडलेले, कवडीमोलाने घेतलेले, कुणालाही नको असलेले. मृत्यूने या घराकडे बघितलेच तर त्याला इथे नेण्यासारखे काही दिसू नये. तेच पोर उकिर्डा, केरबा, कचरू, कवडू, दमडू झाले. कुणी दारोदार भीक मागून आणलेल्या कापडात पोराला गुंडाळले, त्याचा भिका किंवा भिकाजी झाला. कुणी मुलाचे नाक टोचून त्यात नथ घातली, म्हणजे ही मुलगी आहे असे वाटून काळ फसेल. तो नथू झाला. दगड आणि धोंडा तर मरत नाहीत, म्हणून दगडू आणि धोंडू. मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी आर. ई. एन्थोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम भारतातल्या लोकसमजुती गोळा केल्या, त्यांत अशा प्रथा सापडतात. बीड त्यांच्या इलाख्यात नव्हते. पण उकिरडा काही सरहद्द पाहून बसलेला नव्हता.

जगाच्या दुसऱ्या टोकाला जपानमध्ये हीच गोष्ट घडली आणि तीही राजवाड्यात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तोयोतोमी हिदेयोशी हा शेतकऱ्याचा पोर जपानचा सर्वसत्ताधीश झाला. वय उलटून चालले होते आणि वारस नव्हता. १५८९ला योदोच्या किल्ल्यात मुलगा झाला. त्याला बाळपणीचे नाव दिले ‘सुते’, म्हणजे टाकून दिलेला. १५९१ला ते बाळ गेले. १५९३ला ओसाकाच्या किल्ल्यात दुसरा झाला. या वेळी बाळ रीतसर ‘टाकले’ गेले, एका विश्वासू सरदाराने ते ‘उचलले’ आणि नाव ठेवले ‘हिरोई’, म्हणजे उचलून आणलेला. तोच पुढे हिदेयोरी. सामान्य जपानी घरांतही हा रिवाज होता : अशक्त बाळ चव्हाट्यावर ठेवायचे, ठरलेल्या माणसाने ते उचलायचे आणि त्या माणसाला बाळाचा ‘उचलणारा बाप’ मानायचे. सुतेकिची अशी नावे त्यातूनच आली. जपानी नावे म्हटले की आज फुले, वसंत, प्रकाश असले गोड अर्थ समोर येतात. पण ज्या बापाच्या शब्दावर सारा जपान हलत होता, त्यालाही आपले लेकरू वाचवायला बीडच्या सुईणीचाच उपाय करावा लागला. हिदेयोरी ओसाकाच्या पाडावात गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. आईबापांनी मृत्यूची नजर चुकवली होती. सत्तेची त्यांना चुकवता आली नाही.

म्हणून आज कुणी कचरू किंवा उकिर्डा या नावांना अडाणीपणा म्हणतो तेव्हा मला वाईट वाटते. ज्या घरात हे नाव ठेवले गेले, त्या घरात त्या पोरावर जितका जीव होता तितका क्वचितच कुठे असेल. याच नावांची माणसे पुढे छाती काढून उभी राहिली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढलेल्या बदनापूर भागातल्या दगडाबाई शेळके मराठवाड्यात आजही आदराने आठवल्या जातात. तिथे नावाप्रमाणे काया कणखर झाली असे म्हणणाऱ्यांचे काही चुकत नाही.

निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कारभाराची भाषा उर्दू होती. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे मराठी नावे कागदावर जाताना आक्रसायची आणि वाचताना भलतीच व्हायची. अंबाजोगाईचे तेव्हा मोमिनाबाद होते. त्या मोमिनाबादच्या योगेश्वरी शाळेत १९३०च्या दशकात मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश खेडगीकर संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले होते. मुलांना मराठीतून शिकवणे हेच तेव्हा राजकारण होते आणि त्या शाळेच्या पटावर नावे मराठीत चढत होती. १७ सप्टेंबर १९४८ला निजामी संपली, १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि गावोगाव शाळा निघाल्या. शाळेच्या पटावर नाव चढवताना मास्तर बापाला विचारायचे, ‘पोराचं नाव?’ बाप म्हणायचा, ‘कचऱ्या.’ पुष्कळ मास्तरांनी तिथल्या तिथे त्याचा कचरू, कचरुनाथ किंवा थेट काशिनाथ केला. जन्मतारीख ठाऊक नसेल तर १ जून टाकली. मराठवाड्यात आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, तो त्या मास्तरांमुळे.

गडांनी दिलेली नावे याच काळातली. पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटला १८९६ साली जन्मलेला आबाजी तुबाजी सानप हा मुलगा नारायणगडावर माणिकबाबांकडे गेला, वारकरी झाला आणि लोकांचा भगवानबाबा झाला. त्यांनी पुढे धौम्यगडावर मठ उभारला, तो भगवानगड म्हणून प्रसिद्ध झाला. बाबांनी पशुबळी थांबवायला सांगितले आणि मुलांना शाळेत घाला म्हणून सांगत फिरले. १९६५ला ते गेले. डोंगरपट्ट्यातल्या ऊसतोड कुटुंबांत त्यानंतर जन्मलेल्या पोरांत भगवान हे नाव मोठ्या संख्येने दिसते. गहिनीनाथगडाच्या वामनभाऊंमुळे वामन आणि नारायणगडामुळे नारायणही. ज्या घरांतून दसऱ्यानंतर गाड्या भरून कोयते निघायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे, ज्यांची बाळे कारखान्याच्या फडावर पाचटाच्या कोपीत जन्मायची, त्या घरांनी पोराला डोंगरावरच्या गडाचे नाव दिले. बारसे कोपीतच व्हायचे, शेजारच्या कोपीतली बाई आत्या व्हायची आणि गावाकडची खरी आत्या ते नाव महिन्यांनी ऐकायची.

लोकसभेवर बीडने पाठवलेल्या खासदारांची यादी घेतली तरी नावांचा हा प्रवास दिसतो. १९७७ला गंगाधरअप्पा बुरांडे, नंतर केशरबाई क्षीरसागर, १९८९ला बबनराव ढाकणे, १९९६ला रजनी पाटील, मग जयसिंगराव गायकवाड, गोपीनाथ मुंडे, प्रीतम मुंडे आणि २०२४ला बजरंग सोनवणे. अप्पा, बाई आणि राव या आदराच्या शेपट्या हळूहळू गळत गेल्या. परळीजवळच्या नाथ्राच्या शेतकरी घरात १९४९ला जन्मलेल्या मुलाचे नाव गोपीनाथ आणि त्यांच्या मुलींची नावे पंकजा, प्रीतम, यशश्री. एकाच घरात दोन पिढ्यांत नाव देवळातून पुस्तकात गेले. जपानमध्ये मुलींच्या नावामागे लागणारा ‘को’ हा प्रत्यय पूर्वी दरबारी घराण्यांतला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मेजी काळात, तो सामान्यांत येऊ लागला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुसंख्य मुलींच्या नावांत जाऊन बसला. वरच्या घरांतली नावे खालच्या घरांत झिरपतात, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

पण इकडे काही घरांत नाव आपोआप झिरपले नाही. ते हिसकून घ्यावे लागले.

भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांतल्या महार सैनिकांच्या नावांपुढे ‘नाक’ आहे. त्या काळी हे आदराचे लक्षण होते, असे मानतात. पण गावगाड्याने दलितांच्या नावांतून आदराचे प्रत्यय काढून घेतले. पाटलाच्या घरी जन्मला तर धोंडिबा, महारवाड्यात जन्मला तर धोंड्या. दया पवारांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ला आलेल्या ‘बलुतं’मध्ये शिकलेला दया आणि गावकुसाबाहेरचा दगडू समोरासमोर बसले आहेत. ते पुस्तक वाचताना मला नेहमी वाटते, दगडू या नावाचे दोन इतिहास आहेत. एक आईचा, पोर वाचावे म्हणून ठेवलेला. दुसरा गावाचा, त्या नावाला हाक मारताना जो तुच्छ स्वर लागायचा त्याचा.

औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५०ला महाविद्यालय काढले, त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. बीड, परळी, माजलगावची मुले तिथे शिकायला गेली. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर जन्मलेल्या पिढीची नावे बघता बघता बदलली. सिद्धार्थ, राहुल, गौतम, मिलिंद, आनंद, प्रबुद्ध. मुलींत सुजाता, यशोधरा, संघमित्रा, महामाया. कोणत्या अक्षरावर नाव ठेवायचे हे आता जोशी सांगत नव्हता. एवढ्या थोड्या काळात एवढ्या मोठ्या समाजाने आपल्या लेकरांची नावे ठरवून बदलल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात मला तरी माहीत नाही. आणि ही नावे उच्चारताना मागे ‘या’ लागू नये, हेही त्यात होतेच.

नावाला या मातीत केवढी किंमत आहे, ते पुढे विद्यापीठाच्या वेळी दिसले. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधली सोळा वर्षे जे जन्मले त्यांतल्या कितीतरी पोरांची नावे त्या लढ्याच्या वाऱ्यातच ठेवली गेली.

मुलांच्या नावांतून कचरा आणि उकिरडा जाऊ लागला त्याचे मोठे कारण दवाखाना आहे. देवीचा शेवटचा रुग्ण देशात १९७५ला सापडला. १९७०च्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. १९८५पासून देशभर सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा बालमृत्यूदर हजारी १६ होता. दोनशेवरून सोळा. मृत्यू पाळण्यापासून लांब गेला, तसे त्याला फसवणारे नावही लागेनासे झाले. गावात आज दगडू आजोबा भेटतात, दगडू नावाचे बाळ भेटत नाही.

मुलींचे तसे झाले नाही, कारण मुलींच्या वाईट नावांचे मूळच वेगळे होते.

पोराला उकिर्डा म्हणायचे ते तो हवा असायचा म्हणून. पोरीला नकुशा म्हणायचे ते ती खरोखर नको असायची म्हणून. दोन्ही नावे ऐकायला सारखीच कठोर, पण एका नावामागे बाळाला मुठीत धरून ठेवणारी आई आहे आणि दुसऱ्यामागे तोंड फिरवून बसलेले घर. जपानमध्येही हाच फरक सापडतो. तिकडे ‘तोमे’, म्हणजे थांब, आणि ‘सुए’, म्हणजे शेवटची, अशी नावे जुन्या पिढीतल्या बायकांची असत. आता पुरे, एवढ्यावर थांबू दे, ही विनवणी त्यांत असे. तोमेकिची असे मुलाचेही नाव असे, नाही असे नाही. पण पाठोपाठ मुली झालेल्या घरातली तोमे दुसऱ्याच दुःखाची धनीण होती.

मुलीचे नाव तसेही तिच्याबरोबर फार दिवस राहत नसे. लग्नात ताटातल्या तांदळात नवरा अंगठीने नवे नाव लिहायचा आणि माहेरची योगेश्वरी सासरची लक्ष्मी व्हायची. मराठवाड्यातल्या सातबाऱ्यावर बाईच्या नावापुढे ‘भ्र.’ असे असायचे, म्हणजे भ्रतार, मग नवऱ्याचे नाव. निजामी कागदांत विधवेपुढे ‘बेवा’. त्या सगळ्या वल्दांच्या गर्दीत आई कुठेच नाही. केरबाला उकिरड्यावरून विकत घेणारी आई तर कोणत्याच रकान्यात नाही.

सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ला २८५ मुलींचे नाव बदलण्याचा सोहळा झाला. सगळ्यांचे नाव नकुशा किंवा नकोशी. काहींनी देवीचे नाव घेतले, काहींनी सिनेमातल्या नटीचे. बातमी जगभर गेली. त्याच वर्षी जनगणनेचे आकडे आले होते आणि शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे सर्वांत कमी मुली महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात होत्या : ८०७. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८९४ होता. सातारच्या मुलींना निदान नाव तरी बदलता आले, कारण त्या जन्मल्या होत्या. बीडमध्ये सोनोग्राफीच्या यंत्राने नाव ठेवायची वेळच येऊ दिली नाही.

गर्भलिंगनिदानावर बंदीचा कायदा करणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य होते, १९८८ला. केंद्राचा कायदा १९९४चा. कायदा होता आणि परळीत सोनोग्राफीही होती. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांच्या कार्यकर्त्यांनी परळीत छुपे चित्रीकरण करून डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात काय चालते ते आधीच उघड केले होते. मे २०१२मध्ये मुली असलेल्या एका गरोदर बाईचा तिथे गर्भपातात मृत्यू झाला. डॉक्टर दांपत्य फरार झाले, जूनमध्ये ताब्यात आले आणि फेब्रुवारी २०१९मध्ये बीडच्या न्यायालयाने दोघांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. या प्रकरणात राग एका डॉक्टरावर काढून मोकळे होणे सोपे आहे. पण तिथे जिल्हाभरातून, शेजारच्या जिल्ह्यांतून माणसे स्वतःहून येत होती. सुशिक्षित होती, शेतवाली होती, उचल घेऊन फडावर जाणारीही होती. पूर्वीची माणसे मुलगी झाल्यावर नकुशा म्हणत आणि तरीही तिला वाढवत. या माणसांना तेवढाही वेळ नको होता.

२२ जानेवारी २०१५ला सुरू झालेल्या ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेसाठी देशातले पहिले शंभर जिल्हे निवडले गेले. त्यांत बीड होते. सोनोग्राफी यंत्रांची तपासणी वाढली, अंगणवाडीताई आणि आशाताई गरोदर बायकांची नावे लिहून ठेवू लागल्या. बीडसारख्या जिल्ह्यात गरोदर बाईचे नाव वेळेवर वहीत चढणे ही साधी गोष्ट नाही, कारण सहा महिने ती पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर असते आणि तिची वही मागे गावात.

आज बीडच्या अंगणवाड्यांच्या पटावर आराध्या, स्वरा, ईश्वरी, शिवांश, रुद्र, शौर्य अशी नावे भेटतात. आईबाप मोबाइलवर अर्थासकट याद्या बघतात; त्या याद्यांत संस्कृत असते, अरबी असते, अगदी जपानीही. अर्थ नेहमी चांगलाच हवा असतो. जपानमध्ये हा सोस इतका वाढला की लिहिताना एक आणि उच्चारताना दुसरेच अशी नावे आली. मग सरकारने २६ मे २०२५पासून कुटुंबनोंदीत नावाचा उच्चारही नोंदवणे आणि तो लिपीशी सुसंगत असणे बंधनकारक केले. तिकडे १९९३ला टोकियोजवळच्या अकिशिमा शहरात एका बापाने मुलाचे नाव ‘अकुमा’, म्हणजे सैतान, ठेवले तेव्हा नगरपालिकेने हरकत घेतली आणि देशभर वाद झाला. आपल्याकडे जन्मनोंदीच्या कायद्यात बाळाचे नाव नंतर भरायला मुभा आहे. फडावरून परतलेल्या घरांना तिचा आधार होतो.

मार्च २०२४मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ठरवले की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या सरकारी कागदावर आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम राहील. शाळेचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, सातबारा, सगळीकडे. यांतली पहिली बाळे २०३०च्या जूनमध्ये पहिलीत बसतील. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूरच्या शाळांत मास्तर हजेरी घेतील तेव्हा यांतल्या प्रत्येक पोरापोरीच्या नावामागोमाग त्यांना आईचे नाव मोठ्याने वाचावे लागेल.